वर्दीवर कमांड कुणाकडे? आग आणि रेस्क्यूच्या जागी आपली माणसं सुखरूप ठेवायची पद्धत

कंपनीच्या इमर्जन्सी टीममध्ये असाल, सोसायटीच्या कमिटीत असाल किंवा फायर ब्रिगेडला नुकतेच लागला असाल तर हे तुमच्यासाठी लिहितोय. वर्दी म्हणजे फायर ब्रिगेडला आलेला आगीचा किंवा रेस्क्यूचा कॉल. एक्स्टिंग्विशर कसा मारायचा, होज कसा पसरायचा हे शिकवणारे भरपूर आहेत. पण धूर निघतोय, लोक ओरडतायत, पंधरा-वीस जण मदतीला धावत आलेत, अशा वेळी कुणी कुणाला काय सांगायचं, कुणाला आत सोडायचं आणि कुणाला अडवायचं हे नीट बसवून कुणी सांगत नाही. माझं स्पष्ट मत आहे की पाणी दोन मिनिटं उशिरा आलं तर ते भरून काढता येतं, पण आत कोण गेलंय हे बाहेर कुणालाच माहीत नसेल तर ते भरून काढता येत नाही.

कमांड घ्या आणि तोंडाने सांगा

पहिली गाडी जागेवर पोचली की तिच्यावरचा सगळ्यात सीनियर माणूस कमांडर, मग तो ऑफिसर असो की तांडेल, म्हणजे लीडिंग फायरमन. मोठे साहेब येईपर्यंत थांबायचं नाही. कंपनीत असाल तर ऑनसाइट इमर्जन्सी प्लॅनमध्ये साइट मेन कंट्रोलर आणि इन्सिडेंट कंट्रोलर अशी पदं लिहिलेली असतात, पण रात्री अडीचला थर्ड शिफ्टला ते दोघंही घरी झोपलेले असतात, म्हणून प्रत्येक शिफ्टला त्या जागी कोण हे नावानिशी ठरलेलं पाहिजे. सोसायटीत पण तेच, सेक्रेटरी गावाला गेले असतील तर कोण, आणि ते वॉचमन मामांनाही माहीत पाहिजे.

कमांड घेतली की ती बोलून दाखवायची. वायरलेसवर पहिला मेसेज साधारण असा जायला हवा: "कंट्रोल, आम्ही जागेवर पोचलोय. तळमजला अधिक सात मजले, चौथ्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूच्या फ्लॅटमधून काळा धूर, खिडकीतून ज्वाळा, दोघं अडकल्याचं रहिवासी सांगतायत. कमांड माझ्याकडे, मेन गेटपाशी उभा आहे. अजून एक फायरगाडी, एक टँकर आणि १०८ पाठवा, मागच्या गेटने आणा, पुढे टू-व्हीलर लागल्यात." अर्ध्या मिनिटात कंट्रोलला चित्र कळतं, मागून येणाऱ्या गाड्यांना रस्ता कळतो, आणि मुख्य म्हणजे कुणाला विचारायचं ते सगळ्यांना कळतं.

आता सगळ्यात अवघड भाग. कमांडरने ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाचा नोझल, हातात धरायची नाही. चांगला फायरमन असतो ना, त्याचे हात शिवशिवतात, समोर आग दिसतेय आणि आपण नुसतं उभं राहायचं हे त्याला सहन होत नाही. पण तुम्ही होज धरून आत गेलात की बाहेरचं सगळं आंधळं झालं, भिंतीला तडा गेलेला कुणी बघत नाही, मागच्या बाजूने आग वरच्या मजल्यावर चढलेली कुणी बघत नाही. अगदी चारच माणसं असतील आणि कुणाचा तरी जीव समोर दिसतोय तर हात लावावा लागतो, ते मान्य, पण दुसरी गाडी आली की लगेच मागे या आणि कमांड परत हातात घ्या. जॅकेट वेगळ्या रंगाचं घाला, एका जागी उभे राहा, तुम्हाला शोधत कुणी फिरता कामा नये.

एक चक्कर मारा, चारही बाजू बघा

होज पसरेपर्यंतच्या वेळात इमारतीला चक्कर मारायची. औंध-बाणेरच्या सोसायटीत हे जमतं, कसबा किंवा नाना पेठेत वाड्याला चिकटून वाडा असतो, तिथे चक्कर मारायला जागाच नसते, मग एकाला शेजारच्या वाड्यातून मागच्या बोळात पाठवा आणि त्याने जे दिसेल ते वायरलेसवर सांगायचं. धूर कुठून निघतोय एवढंच बघायचं नाही, कसा निघतोय ते बघा. घट्ट, काळा, जोरात फेकला जाणारा धूर म्हणजे आतलं सगळं पेट घ्यायच्या बेतात आहे. दारं-खिडक्या बंद, काचा काळ्या-तेलकट झालेल्या आणि फटीतून धूर आत-बाहेर श्वास घेतल्यासारखा होतोय, तर दार धाडकन उघडायचं नाही, हवा मिळाली की भडका बाहेर येतो.

वाड्याबद्दल थोडं जास्त सांगतो कारण पुण्यात हा विषय वेगळा आहे. लाकडी खांब, लाकडी तुळया, माळ्यावर वर्षानुवर्षांचं सामान आणि भिंती मातीच्या. आपण वरून पाणी मारतो, एक ब्रांच मिनिटाला ४५० लिटर फेकत असेल तर मिनिटाला ४५० किलो वजन त्या घरावर चढतंय. दहा मिनिटांत साडेचार टन. त्यातलं बरंच वाहून जातं, पण गाद्या, कपडे, माळ्यावरची माती हे पाणी धरून ठेवतात, खालच्या तुळया जळून बारीक झालेल्या असतात आणि मातीची भिंत पायथ्याला भिजून ढिली होते. म्हणून आग विझत आली, वाफ दिसायला लागली, सगळे जरा सैल झाले की तेव्हाच जास्त जपायचं. भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहायचं नाही असा नियम धरा, दहा मीटरची भिंत असेल तर पंधरा मीटर लांब. बोळात तेवढी जागा नसते, मग त्या भिंतीसमोरची बाजू पूर्ण बंद करा आणि कोपऱ्यातून काम करा, कोपरे सहसा शेवटी पडतात.

चकरेत अजून बघायचं: ओव्हरहेड वायर, ट्रान्सफॉर्मर, गॅसची पाइपलाइन, गच्चीवरचे सोलर पॅनल, पार्किंगमधल्या ईव्ही, आणि दुकान-हॉटेल असेल तर सिलिंडर कुठे आणि किती.

आत जायचं की बाहेरून मारायचं

हा निर्णय कमांडरचा, एकट्याचा, आणि तो मोठ्याने सांगायचा. विचार सरळ आहे. आत माणूस जिवंत असण्याची शक्यता आहे तर आपल्या माणसांचा धोका पत्करायचा, पण मोजून मापून. फक्त सामान वाचतंय तर थोडासाच धोका घ्यायचा. काहीच वाचणार नाही, गोडाऊन पूर्ण पेटलंय, छताचे पत्रे लाल झालेत, तर एकालाही आत पाठवायचं नाही, मालक कितीही हातापाया पडले तरी. टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी लाकडाचा साठा एकदा पूर्ण पेटला की शेजारची दुकानं वाचवणं हेच काम उरतं आणि ते कमीपणाचं अजिबात नाही.

आत टीम असताना बाहेरून मोठा मॉनिटर, म्हणजे पाण्याची तोफ, चालू करायचा नाही, वाफ आणि गरम धूर आतल्यांच्या अंगावर जातो. बाहेरून मारायचं ठरलं तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, मोजा, मगच पाणी. आणि निर्णय एकदा घेतला म्हणजे झालं असं नाही, दर दहा मिनिटांनी स्वतःलाच विचारा की आग कमी होतेय का वाढतेय. दहा मिनिटं सतत पाणी मारूनही फरक नसेल तर आतल्यांना मागे घ्यायचा विचार सुरू करा.

बोर्ड: आत कोण, किती हवा, कधी बाहेर

माझ्या मते सगळ्या प्रकारात हे एक काम नीट केलं तरी निम्मं काम झालं. दाराशी एक माणूस, हातात पांढरा बोर्ड आणि मार्कर. त्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही. बीए सेट, म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क, लावून आत जाणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर थांबतो, हवेचा दाब दाखवणारा गेज दाखवतो, मगच आत. बोर्डवर एक ओळ अशी दिसते: शिंदे आणि काळे, २८० बार, आत ११:४२, चौथा मजला, शोध, बाहेर १२:००.

बाहेर यायची बाराची वेळ कुठून आली? हिशेब सांगतो, हा प्रत्येकाने पाठच करावा. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला तर ढोबळमानाने २०४० लिटर हवा. ५० बारच्या आसपास सेटची हवा संपत आल्याची शिट्टी वाजते, ती राखीव हवा कामाला धरायची नाही, म्हणजे ३४० लिटर बाजूला. उरले १७००. मिनिटाला ५० लिटर धरले तर ३४ मिनिटं होतात, पण भरलेला होज ओढत चार मजले चढलेला जवान मिनिटाला ८० लिटर सहज ओढतो, म्हणजे जेमतेम २१ मिनिटं. सिलिंडर २८० लाच असेल तर एकोणीस, म्हणून ११:४२ ला आत गेलेले बाराला बाहेर. आणि शिट्टीची वाट बघत आत थांबायचं नसतं. आत जाताना ७० बार खर्च झाले तर परतायलाही ७० लागणार, वर ५० राखीव, म्हणजे गेज १२० वर आला की मागे फिरायचं. जोडीतल्या ज्याची हवा कमी त्याच्या गेजवर दोघंही फिरतात, एकटा कुणी आत राहत नाही, एकटा कुणी बाहेर येत नाही.

हे बोर्ड फक्त आपल्या माणसांसाठी नाही. आत अडकलेल्यांचा पण हिशेब लागतो. २१ जानेवारी २०२१ ला मांजरीत लस बनवणाऱ्या कंपनीच्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागली तेव्हा सुरुवातीला जीवितहानी नाही असं बाहेर आलं होतं, नंतर आत पाच जणांचे मृतदेह सापडले. बांधकाम साइटवर, कारखान्यात कॉन्ट्रॅक्टरची माणसं रोज बदलतात, हजेरी एका वहीत, गेटची नोंद दुसऱ्या वहीत. म्हणून कंपनीवाल्यांना हात जोडून सांगणं आहे की आज या क्षणी आवारात किती माणसं आहेत, कॉन्ट्रॅक्टरचे आणि व्हिजिटर धरून, याचा एकच आकडा गेटवर पाहिजे आणि असेम्ब्ली पॉइंटला नावं वाचून तो जुळवायचा. "सगळे बाहेर आलेत बहुतेक" हे उत्तर चालणार नाही. ७ जून २०२१ ला पिरंगुटजवळ उरवड्याला केमिकल कंपनीच्या आगीत इतक्या महिला कामगार गेल्या, आत किती जणी आहेत आणि कुठल्या दाराने निघणार हे आधीच ठरलेलं असावं लागतं, आग लागल्यावर ते ठरवता येत नाही.

माणसं वाढली की वाटणी करा

एका माणसाला एका वेळी पाच जणांकडून रिपोर्ट घेणं जमतं, तीन ते सात ही मर्यादा जगभर धरतात, आपल्याकडे एनडीएमए, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिमच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हीच रचना आहे. म्हणून तीन-चार गाड्या झाल्या की वाटून टाका: आतली टीम एकाकडे, मागची बाजू एकाकडे, पाणी आणि टँकर एकाकडे, आणि सेफ्टीवर एक वेगळा माणूस. हा सेफ्टीवाला काही विझवत नाही, फक्त धोका बघतो, आणि त्याला काम थांबवायचा पूर्ण अधिकार पाहिजे, तिथे ज्युनियर-सीनियर बघायचं नाही.

पुण्यात अजून एक गोष्ट होते. मोठी वर्दी असली की पुणे मनपा, पिंपरी-चिंचवड, पीएमआरडीए, एमआयडीसी, कधी कॅन्टोन्मेंट, शिवाय कंपन्यांचे स्वतःचे बंब, अशा वेगवेगळ्या खात्यांच्या गाड्या एकाच गेटवर येतात. प्रत्येकाचे साहेब वेगळे, वायरलेस वेगळा. इथे ज्यांच्या हद्दीत घटना आहे त्यांच्याकडे कमांड, आणि बाकी प्रत्येक खात्याचा एक ऑफिसर कमांडरच्या शेजारी उभा. गाड्या थेट आगीपाशी नाही आणायच्या, जवळच्या चौकात किंवा मैदानात थांबवायच्या आणि लागेल तशी एकेक बोलवायची. नाहीतर अरुंद रस्त्यावर पुढची गाडी निघत नाही, मागचा टँकर येत नाही आणि पाणी संपतं.

कमांड दुसऱ्याला देताना समोरासमोर द्यायची: काय लागलंय, आत कोण आहे, काय करतोय, काय मागवलंय, कशाची भीती वाटतेय. दिल्यावर वायरलेसवर जाहीर करा. कंपनी किंवा सोसायटीवाले बंब आल्यावर जी माहिती देतात ती पण एवढीच असावी, सोबत नकाशा, किल्ल्या, हायड्रंटचा पंप चालू आहे की नाही, आणि केमिकल असेल तर त्याचे धोके लिहिलेली सेफ्टी डेटा शीट. दहा जणांनी घेरून दहा गोष्टी सांगू नका, एकच माणूस बोलेल.

करंट, गॅस, चेंबर, पाणी

करंट: महावितरणला फोन करून लाइन बंद करायला लावा, पण तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. लाइट गेली की डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, आपोआप चालू होतो आणि बंद समजलेल्या वायरीत परत करंट येतो, हे मोठ्या सोसायट्यांत आणि आयटी कंपन्यांत नक्की तपासा, डीजी ऑटोवरून काढा. इन्व्हर्टर, यूपीएस वेगळे. सोलर पॅनल उजेड आहे तोवर वीज बनवत राहतात. २५ जुलै २०२४ ला पावसात डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत शॉक लागून तिघं गेले, पाणी साठलेल्या जागी लाइन बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय पाय घालायचा नाही, आपण रेस्क्यूला आलोय म्हणून करंट सोडत नाही.

गॅस: एलपीजी हवेपेक्षा जड, तो तळघरात, गटारात, चेंबरमध्ये साठतो. पाइपचा नैसर्गिक गॅस हलका, वर जातो. पाइपलाइन असेल तर एमएनजीएल या गॅस कंपनीला कळवा आणि बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करा. घरातला १४.२ किलोचा असो की हॉटेलचा १९ चा, आगीत तापत असलेल्या सिलिंडरला आडोशामागून, लांबून पाणी मारून थंड ठेवायचं, वरच्या भागावर जास्त. गळतीला लागलेली ज्वाळा, गॅस बंद करता येत नसेल तर विझवू नका, नाहीतर न जळलेला गॅस सगळीकडे पसरतो आणि मग कुठेतरी ठिणगी मिळते.

ड्रेनेज चेंबर आणि सेप्टिक टँक: हे कळकळीने लिहितोय. एक आत पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, वाघोली आणि लोणी काळभोरकडच्या अशा बातम्या आपण वाचल्यात. हायड्रोजन सल्फाइडचा सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली आला तर बीए सेटशिवाय उतरायचं नाही. गॅस डिटेक्टर दोरीला बांधून वर, मध्ये आणि तळाशी सोडा, ट्रायपॉड आणि लाइफलाइन लावा. हे नसेल तर कमांडरचं काम एकच, चेंबरच्या तोंडाशी उभं राहून कुणालाही उतरू न देणं, भाऊ असला तरी, बाप असला तरी. वरून ब्लोअरने हवा मारत राहा आणि १०१ ला फोनवर "चेंबरमध्ये माणूस" एवढं स्पष्ट सांगा.

पुराचं पाणी: लाइफ जॅकेटशिवाय काठापासून तीन मीटरच्या आत कुणी नाही, गमबूट आणि फायरचा जाड सूट पाण्यात घालायचा नाही, वरच्या अंगाला एक माणूस वाहत येणारी लाकडं बघायला आणि खालच्या अंगाला एक दोर घेऊन. खडकवासल्यातून विसर्ग किती चाललाय आणि वाढणार आहे का, हे कंट्रोलकडून दर अर्ध्या तासाने विचारत राहा.

पडलेल्या इमारतीत किंवा दरडीखाली जेसीबीला इशारा देणारा माणूस एकच, बाकी कुणी हात हलवायचा नाही. मधूनमधून सगळी मशीन बंद करून पूर्ण शांतता ठेवा, खालून आवाज येतो का ऐका. अशा वेळी तळेगावजवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे, लागेल असं वाटलं तर जिल्हा प्रशासनामार्फत लगेच मागवा.

गर्दी

गर्दीला नुसतं "मागे व्हा" म्हणून काही होत नाही, काम द्या. पुण्यात प्रत्येक गल्लीत मंडळ आहे आणि विसर्जनाला दोर धरून गर्दी थोपवायचा त्या पोरांना पक्का सराव असतो. अध्यक्षांना गाठा, "दादा, या खांबापासून त्या दुकानापर्यंत दोर धरा, आत फक्त युनिफॉर्मवाले" असं नेमकं सांगा, आणि दोघांना गाड्या काढायला लावा. पोलिस आले की ती जागा त्यांच्याकडे. नातेवाईकांना गर्दीत सोडू नका, वेगळं बसवा आणि एक माणूस त्यांच्याजवळ ठेवा, कारण आत कोण होतं, कुठल्या खोलीत झोपतं, ही खरी माहिती त्यांच्याकडेच असते.

आपलाच माणूस अडकला तर

हे घडायच्या आधी दोघांची टीम पूर्ण तयारीत, सेट पाठीला लावून बाहेर उभी पाहिजे. अडकलेल्याने "मेडे" तीनदा बोलायचं, मग नाव, कुठे आहे, काय झालंय, हवा किती. हे ऐकलं की बाकी सगळ्यांनी वायरलेसवर बोलणं थांबवायचं. कमांडरने बोर्डवरची शेवटची जागा बघून तयार टीम आत पाठवायची, आणि लगेच त्यांच्या जागी दुसरी टीम उभी करायची. सगळे एकदम आत धावतात, ते थांबवणं हेच तेव्हाचं सगळ्यात मोठं काम, आणि आगीवरचं पाणी अजिबात कमी करायचं नाही. इमारत रिकामी करायचा इशारा पण आधी ठरवून ठेवा, गाडीचा लांब हॉर्न वारंवार, आणि तो वाजला की होज तिथेच टाकून बाहेर, बोर्डशी येऊन मोजणी.

आग आटोक्यात आल्यावर

कूलिंगला आत जाताना बरेच जण मास्क काढतात. ते करू नका, धुमसणाऱ्या सामानातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. ईव्हीची बॅटरी असेल तर काही तासांनी परत पेटू शकते, ती गाडी पार्किंगच्या बाहेर मोकळ्या जागेत हलवा. हवेचे दोन सिलिंडर वापरलेल्या जवानाला सावलीत बसवा, जॅकेट काढायला लावा, पाणी द्या, नाडी बघा, आणि "साहेब, मी ठीक आहे" म्हणाला तरी लगेच परत पाठवू नका. निघायच्या आधी बोर्डवरचं प्रत्येक नाव समोर उभ्या माणसाशी जुळवा.

तयारीचं सामान महाग नाही: पांढरा बोर्ड, दोन मार्कर, वेगळ्या रंगाची दोन जॅकेट, शिट्टी, दोर, आणि इमारतीचा प्लॅस्टिकमध्ये घातलेला नकाशा, हे सगळं गेटवर एका बॅगेत. महाराष्ट्राच्या २००६ च्या फायर कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं लायसन्सवाल्या एजन्सीचं फॉर्म बी सर्टिफिकेट द्यावं लागतंच, त्याच दिवशी पंप चालवून बघा आणि मॉक ड्रिल पण लावा. जवळच्या फायर स्टेशनला लेखी अर्ज देऊन बोलवा, आणि एखादं ड्रिल मुद्दाम रात्री घ्या, चेअरमन आणि सेफ्टी ऑफिसर दोघांनाही बाजूला बसवून, म्हणजे वॉचमन मामा आणि शिफ्ट सुपरवायझर कमांड घेतात का ते दिसेल.